जीव तुटतो तेव्हा: घरी शुश्रूषा करणाऱ्यांसाठी करुणेचा आठ आठवड्यांचा सराव

पहाटेचे तीन. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची कूस बदलायची वेळ. एक वाजता घातलेली चादर पुन्हा ओली. ती ओढताना हात जरा जोरात पडतो, त्या कण्हतात, आणि पुढचा अर्धा तास तुम्ही छताकडे बघत स्वतःला शिव्या देत पडून राहता. पक्षाघात असो, पार्किन्सन, स्मृतिभ्रंश किंवा खुब्याचं मोडलेलं हाड, घरी शुश्रूषा करणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला अशी रात्र येते. त्यांना कोणी ‘मन शांत ठेवा’ म्हटलं की राग येतो, आणि तो रास्तच असतो. कसं ठेवायचं हे कोणी सांगत नाही.

त्या ‘कसं’साठी हा लेख आहे. मनाची शांतता, टिकाव धरण्याची ताकद आणि करुणा या तिन्ही गोष्टी सरावाने वाढतात, पण सरावाला क्रम आहे. आधी शरीर आणि श्वास, मग राग, मग स्वतः, मग आजारी माणूस, आणि शेवटी जे बदलणारच नाही त्याच्याशी जुळवून घेणं. बहुतेक जण शेवटून सुरू करतात. पहिल्याच दिवशी डोळे मिटून ‘सगळ्यांचं भलं होवो’ म्हणतात, आठवडाभरात कोरडे पडतात आणि ‘आपल्याला नाही जमत’ म्हणून सोडून देतात.

जीव तुटणं वेगळं, करुणा वेगळी

मराठीत या प्रांतासाठी नेमके शब्द आहेत. समोरच्याचं दुखणं बघून आपल्यालाच दुखायला लागतं तेव्हा आपण म्हणतो, जीव तुटतो. त्याच्याकडे वरून, सुरक्षित अंतरावरून बघून वाईट वाटतं, ती कीव. दुखणं दिसतं, मन हलतं, पण पायाखालची जमीन सुटत नाही आणि ‘याला आराम पडावा’ ही इच्छा हातांना कामाला लावते, ती करुणा, किंवा आपला जुना शब्द वापरायचा तर कळवळा.

बाहेरून तिन्ही सारखी दिसतात, पण शरीरावर त्यांचा परिणाम वेगळा होतो. मेंदूच्या अभ्यासक टानिया झिंगर, ओल्गा क्लिमेकी आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात सहभागींना आधी दुसऱ्याचं दुःख स्वतः अनुभवायला शिकवलं गेलं. त्यानंतर यातनांची दृश्यं बघताना त्यांच्या नकारात्मक भावना वाढल्या आणि स्वतःची वेदना जाणवताना मेंदूचे जे भाग काम करतात तेच भाग जास्त सक्रिय झाले. मग त्याच लोकांना करुणेचं प्रशिक्षण दिलं. दृश्यं तशीच दुःखाची होती, पण नकारात्मक भावना पुन्हा खाली आल्या, सकारात्मक भावना वाढल्या आणि आपुलकी-समाधानाशी जोडलेले मेंदूचे भाग पुढे आले. एका प्रयोगावर सगळी इमारत उभी करू नये, पण शुश्रूषा करणाऱ्यांचा अनुभवही हेच सांगतो. करुणेने माणूस फारसा थकत नाही, तो थकतो सतत जीव तुटण्याने.

ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. बौद्ध परंपरेत मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद) आणि उपेक्षा (इथे दुर्लक्ष नव्हे, तोल राखून पाहणं) यांना ब्रह्मविहार म्हणतात. पतंजलींच्या योगसूत्रांतही (१.३३) याच चार भावना चित्त प्रसन्न करण्याचा उपाय म्हणून येतात आणि तिथे करुणा ही दुःखी माणसासाठी सांगितली आहे. पाश्चात्त्य मानसशास्त्राने त्यांचे पाठ बांधले, मोजमाप केलं आणि कुठे बिघडतं ते नोंदवलं. खालच्या पायऱ्यांत दोन्हीकडचं घेतलं आहे.

डोळे मिटण्याआधी वही उघडा

पहिले दोन दिवस ध्यान नाही. एका वहीत दर दोन-तीन तासांनी लिहा: काय काम केलं आणि ते करताना मनावरचा ताण शून्य ते दहात किती होता. दोन दिवसांत बहुधा दिसतं की ताण दिवसभर सारखा नसतो. दोन-तीनच शिखरं असतात: रात्रीची चादर, तोंडातून परत आलेला घास, पाचव्यांदा विचारलेला तोच प्रश्न.

यातली काही शिखरं मनाची नसतातच. चादर दर दोन तासांनी ओली होत असेल तर ध्यानाआधी डायपरचा आकार तपासा आणि खाली अंडरपॅड घाला. कूस बदलताना तुमची पाठ भरून येत असेल, तर रुग्णाच्या खांद्यापासून मांडीपर्यंत आडवी दुमडलेली चादर ठेवा आणि दोघांनी मिळून तिला धरून वळवा. चुकीच्या साहित्याचा त्रास मनोबलाने सोसत बसण्यात काही थोरपण नाही.

झोपेचंही तसंच. रात्र दोघांत वाटून घ्या. दहा ते दोन एक, दोन ते सहा दुसरा, म्हणजे प्रत्येकाला सलग चार तास तरी मिळतील. घरात दुसरं माणूस नसेल तर आठवड्यातून एक-दोन रात्री नर्सिंग ब्यूरोची बाई, तेही परवडत नसेल तर नातेवाइकांकडून ठरलेल्या वाराची एक दुपार. महिनोन्महिने झोप मोडत असेल तर कोणत्याही सरावाने राग आवरत नाही, कारण रागाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग झोपेशिवाय नीट काम करत नाही. हा सराव दुसऱ्या माणसाच्या हातांची जागा घेऊ शकत नाही, हे आधीच मान्य करून ठेवा.

आठवडा १ आणि २: रोज दहा मिनिटं श्वास

वेळ अशी निवडा की रुग्णाचं अंग पुसून, नाश्ता-गोळ्या होऊन तो जरा पडलेला असेल. रात्री झोपताना नको, त्या वेळी तुम्ही ध्यानात न जाता झोपेत जाल. खुर्चीवर बसा, पाठ सरळ पण ताठ नको, दोन्ही तळपाय जमिनीला टेकलेले. मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर लावा.

पहिली दोन मिनिटं मोजून श्वास: मनात चार अंक मोजत आत, सहा अंक मोजत बाहेर. एका श्वासाला दहा सेकंद, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. बाहेर सोडण्याचा भाग मुद्दाम लांब ठेवायचा, कारण उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत हृदयाची गती थोडी मंदावते. शरीराला ‘धोका टळला’ असा निरोप पोचवण्याचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग.

उरलेली आठ मिनिटं मोजणं सोडा. श्वास जसा येतो तसा येऊ द्या आणि तो नाकपुड्यांच्या कडेला किंवा पोटाच्या वर-खाली होण्यात जाणवतो तिथे लक्ष ठेवा. इगतपुरीच्या धम्मगिरीत दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहिले तीन दिवस एवढंच करायचं असतं, यावरून पायरी किती पायाभूत आहे ते समजावं. मन पळेल. औषध संपलं, फिजिओथेरपिस्टला फोन करायचा राहिला, गॅस बंद केला का. पळालं हे लक्षात आलं की मनात ‘विचार’ एवढंच म्हणा आणि परत या. व्यायाम या परत येण्यात आहे. दहा मिनिटांत चाळीस वेळा पळालं आणि चाळीस वेळा आणलं, तर चाळीस वेळा व्यायाम झाला.

अडचणी ठरलेल्या येतात. झोप लागली तर ती झोपेची उधारी आहे, त्या दिवशी वीस मिनिटं झोपा आणि उठून पाचच मिनिटं बसा. डोकं हलकं झालं किंवा बोटांना मुंग्या आल्या तर तुम्ही फार खोल आणि जोरात श्वास घेताय, तो उथळ करा. दमा असेल किंवा घाबरल्याचे झटके येत असतील तर काही जणांना श्वासाकडे बघितलं की उलट घाबरं होतं. त्यांनी श्वास सोडून द्यावा, डोळे अर्धे उघडे ठेवावेत आणि तळपायांचा जमिनीला होणारा स्पर्श किंवा पंख्याचा आवाज धरावा.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे कान. शुश्रूषा करणाऱ्याचा एक कान कायम आतल्या खोलीत असतो, आणि त्याच्याशी भांडून काही होत नाही. रुग्णाच्या हाताशी घंटी किंवा बिनतारी बेल ठेवा आणि स्वतःला सांगा, बेल वाजली तर उठणार. इतर आवाज ध्यानातच घ्या: कुकरची शिट्टी, खालचा भंगारवाला, शेजारची मालिका. आवाज आला, ऐकला, गेला. बेल वाजली तर उठा, जाऊन या, उरलेली मिनिटं पूर्ण करा. मोडलेलं ध्यानही धरायचं.

दरम्यान दिवसभरासाठी एक छोटी कृती सुरू करा. झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी पुन्हा पुन्हा येणाऱ्या नैराश्यासाठी बांधलेल्या पद्धतीत तीन मिनिटांचा एक थांबा आहे. पहिल्या मिनिटात स्वतःला विचारायचं: आत्ता मनात काय विचार आहे, कोणती भावना आहे, शरीर कुठे आवळलंय? दुसरं मिनिट फक्त श्वास. तिसऱ्यात लक्ष पसरून पूर्ण शरीरावर आणायचं: खांदे, चेहरा, पाय. हा थांबा वहीत सापडलेल्या शिखराच्या आधी बसवा. रात्रीची चादर हे शिखर असेल तर हातमोजे घालण्याआधी. तीन मिनिटं नसतील तर बेसिनवर हात धुताना तीन श्वास. ‘आठवण झाली की करेन’ म्हटलं की आठवण होतच नाही, म्हणून थांबा कशाला तरी बांधलेला हवा.

आठवडा ३ आणि ४: रागाचं काय करायचं

दहा मिनिटांची बैठक चालू ठेवा. आता तिच्यात भावनेला नाव देण्याची भर. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवलं की भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या, धोक्याला प्रतिसाद देणाऱ्या अमिग्डालाची खळबळ कमी होते. पण शब्द नेमका हवा. सगळ्यालाच ‘टेन्शन’ म्हणून काही साधत नाही. आपल्याकडे वैताग आहे, चिडचिड आहे, संताप, घुसमट, हिरमोड, उबग, शरम, हेवा. बाहेर फिरायला गेलेल्या जावेचे फोटो बघून जे वाटलं तो हेवा असेल तर त्याला हेवाच म्हणा, ‘दमणूक’ म्हणू नका. आणि वाक्य ‘मी रागीट आहे’ असं नको, ‘राग आलाय, जबड्यात आहे’ असं. नाव दिल्यावर पुढचे तीन श्वास त्या जागेत, जबड्यात, काहीही न सुधारता.

हे झालं क्षणापुरतं. रागाच्या मुळाशी जायला आठवड्यातून तीन संध्याकाळी वही घ्या. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती इथे कामी येते. तिचं मूळ सूत्र असं की घटनेने थेट उद्रेक होत नाही, मध्ये आपली धारणा असते, आणि त्रास देणाऱ्या धारणेत बहुधा एक ‘च’ दडलेला असतो: असंच व्हायला हवं, तसं होताच कामा नये.

एक उदाहरण सोडवून बघू. घटना: अल्झायमर झालेल्या बाबांनी सकाळपासून पाचव्यांदा विचारलं, ‘तुझी आई कुठे गेली?’ आई जाऊन चार वर्षं झाली आहेत. परिणाम: तुम्ही ओरडलात, मग रडलात. मधली धारणा आठवून लिहा, सुंदर करून नको: ‘हे मुद्दाम करतात. मला आता सहन होऊच शकत नाही. चांगल्या मुलीला असा राग येताच कामा नये.’

आता प्रत्येक वाक्य तपासा. मुद्दाम? या आजारात नवीन आठवणी साठवणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, सुरुवातीलाच बाधित होतो, म्हणून त्यांच्यासाठी प्रत्येक वेळ पहिलीच असते. सहन होऊच शकत नाही? चार वेळा केलंत. फार कठीण आहे हे खरं, असह्य आहे हे खरं नाही. येताच कामा नये? राग येणं तुमच्या हातात नाही, ओरडणं काही प्रमाणात आहे. मग नवं वाक्य लिहा: ‘त्यांनी विचारू नये असं मला फार वाटतं, पण त्यांच्या मेंदूने माझ्या इच्छेप्रमाणे चाललंच पाहिजे असा नियम नाही. मला राग येईल आणि तरी मी उत्तर देऊ शकेन.’ उत्तरही ठरवून ठेवा. प्रत्येक वेळी ‘आई वारली’ सांगणं म्हणजे त्यांना दर वेळी नव्याने ती बातमी देणं. त्याऐवजी प्रश्नामागच्या भावनेला उत्तर द्या: ‘आईची आठवण येतेय ना? ती पुरणपोळी करायची तेव्हा तुम्ही काय म्हणायचात?’

इथे दोन चुका होतात. पहिली, नवं वाक्य गोड करणं. ‘सगळं छान चाललंय’ हे विवेकी नाही, खोटं आहे, आणि मन खोटं पकडतं. दुसरी चूक जास्त घातक: खऱ्या अन्यायावरही हीच पद्धत वापरून गप्प बसणं. भाऊ खर्चाचा वाटा देत नसेल तर तपासणीनंतर निघणारं विवेकी वाक्य असं असतं: ‘त्याने द्यायलाच हवं असा नियम नाही, पण मी शुक्रवारी फोन करून आकडा सांगणार.’ मन शांत करायचं ते हा फोन न थरथरता करता यावा म्हणून.

आठवडा ५ आणि ६: स्वतःपासून सुरुवात

मराठी घरात या पायरीला सर्वाधिक विरोध होतो, आणि तो बाहेरून कमी, आतून जास्त. सुनेने आणि मुलीने करायचंच असतं, त्यात स्वतःचं काय कौतुक! पण पाठीवर आसूड ओढत दुसऱ्याला मायेने हात लावता येत नाही. पहाटे तीनला चादर ओढणारा हात आठवा.

मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ साली स्वतःविषयीच्या करुणेचे तीन भाग मांडले: जे चाललंय ते न फुगवता ओळखणं, हे माणसांच्या वाट्याला येतं हे जाणणं, आणि स्वतःशी मायेने वागणं. यांवरून एक तीन वाक्यांचा सराव करता येतो. बैठकीच्या शेवटी तीन मिनिटं, आणि चूक झाली की लगेच. तळहात छातीवर किंवा दुसऱ्या हातावर ठेवा, हाताची ऊब जाणवेपर्यंत थांबा. मग:

‘आत्ता कठीण चाललंय.’
‘असं माझ्या एकटीचंच नाही. आत्ता याच वेळी कितीतरी घरांत कोणी तरी असंच जागं आहे.’
‘आत्ता मला काय हवंय?’ आणि त्याचं उत्तर. बहुधा ते लहान असतं: पाणी, पाठ टेकणं, पाच मिनिटं गॅलरी.

‘मी स्वतःवर प्रेम करते’ असली वाक्यं आपल्या जिभेवर खोटी वाटतात, ती टाळा. मैत्रीण अशाच रात्रीनंतर भेटली तर तिला काय म्हणाल? ‘अगं, किती दमलीस. बस जरा.’ तेच, त्याच सुरात, स्वतःला. पुरुषांनी ‘दमलास रे, बस’ म्हणावं. वडिलांची सेवा करणारे मुलगे ही पायरी हमखास गाळतात आणि मग कोणावर तरी फुटतात.

एक इशारा. काही जणांना या आठवड्यांत हलकं वाटण्याऐवजी अचानक भरून येतं, जुनं काही वर येतं, लहानपणी असं कोणी म्हटलं नाही याची कळ उठते. मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर गर्मर आणि नेफ याला ‘बॅकड्राफ्ट’ म्हणतात. आग धुमसणाऱ्या बंद खोलीचं दार उघडलं की आत हवा शिरते आणि भडका उडतो, अग्निशमन दलाचा तो शब्द. बिघडलं असं समजू नका, पण रेटूही नका. छातीवरचा हात काढा, डोळे उघडा, तळपायांवर लक्ष आणा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्या, भांडी घासायला उठा. दुसऱ्या दिवशी तीन मिनिटांऐवजी एकच. आठवडाभर रोज असं होत असेल तर ही पायरी समुपदेशकाबरोबर करा.

आठवडा ७ आणि ८: मैत्री भावना, आणि रुग्णाची जागा

आता बैठक पंधरा मिनिटांची आणि मैत्री भावनेची, म्हणजे एकेक माणूस मनात आणून त्याला सदिच्छा देण्याची. पाच माणसं, प्रत्येकी तीन मिनिटं. पाचव्या शतकात बुद्धघोषांनी ‘विशुद्धिमग्ग’ या ग्रंथात दिलेला क्रम आजही बदलावासा वाटत नाही: आधी स्वतः, मग ज्याच्याविषयी आदर आहे असं माणूस, मग जिवलग, मग ना देणं ना घेणं असं कोणी, आणि शेवटी ज्याच्याशी वाकडं आहे तो.

प्रश्न असा की अंथरुणावरचं माणूस यात कुठे बसतं? नवखे त्याला जिवलगांच्या रांगेत घालतात आणि तिथेच फसतात. महिनोन्महिने तुमची झोप मोडणारं, कधी ओरखडणारं, कधी तुम्हालाच चोर ठरवणारं माणूस प्रेमाचं असतं तसंच अवघडही असतं. जिवलगाची जागा त्यालाच द्या, पण ती एक घर मागे, चौथी करा: दूधवाल्याला किंवा वॉचमनला सदिच्छा देऊन झाल्यावर. तोवर मन थोडं सैल झालेलं असतं. पाचवी जागा वाकड्या माणसाची.

वाक्यं चार, एका उच्छ्वासावर एक: ‘सुखी असो. सुरक्षित असो. शरीराला आराम मिळो. मन शांत होवो.’ ज्यांच्या घरी ‘सब्बे सत्ता सुखी होन्तु’ म्हणतात त्यांनी ते म्हणावं, ओळखीचे शब्द लवकर उतरतात. रुग्णासाठी मात्र वाक्य बदला. जो आजार बरा होणारा नाही त्यात ‘बरे व्हा’ म्हटलं की प्रत्येक श्वासाला मन आतून ‘नाही होणार’ म्हणतं. त्याऐवजी जे होऊ शकतं ते मागा: ‘वेदना कमी होवो. स्पर्श मायेचा मिळो. भीती नसो. आजची रात्र शांत जावो.’

काहीच वाटलं नाही तरी वाक्य म्हणा. ही भावना ओढून आणायची नसते, दिशा धरून बसायचं असतं. वाटलंच पाहिजे असा हट्ट धरला की पुन्हा तो ‘च’ आला.

याच ग्रंथात प्रत्येक भावनेचा जवळचा शत्रू सांगितला आहे, म्हणजे तिच्यासारखाच दिसणारा पण तिला पोखरणारा. मैत्रीचा जवळचा शत्रू आसक्ती, ‘माझ्याशिवाय यांना कोणी हातच लावू नये’ ही. करुणेचा जवळचा शत्रू शोक, म्हणजे सुरुवातीचं ते जीव तुटणं. ओळखायची खूण सोपी: बैठकीनंतर खोलीत जावंसं वाटतं की खोलीपासून पळावंसं?

पाचव्या जागेवर बहुधा दूर राहणारं भावंड येतं. पुण्याहून किंवा न्यू जर्सीहून रविवारी फोन करून ‘आईला नाचणी का देत नाहीस’ विचारणारं. सुरुवातीला सगळ्यात मोठा राग घेऊ नका, दहात तीन एवढाच असलेला घ्या. आणि त्याला नेमकं काय इच्छायचं, यावर अडत असाल तर पसायदानातली एक ओळ आठवा: ‘जे खळांची व्यंकटी सांडो.’ ज्ञानदेव दुष्टाचा नाश मागत नाहीत आणि त्याचा दुष्टपणा फळावा असंही मागत नाहीत. त्याचा वाकडेपणा गळून पडो, एवढंच मागतात. तसं, ‘याला इथली परिस्थिती दिसो’ हीसुद्धा सदिच्छाच. तिने शुक्रवारचा फोन रद्द होत नाही.

आणि मग हे सगळं हातात उतरवायचं. कूस बदलताना: खाटेजवळ थांबून एक श्वास. सांगा, ‘आई, आता डाव्या कुशीवर वळवते.’ मनात पाच अंक मोजा, कारण आजारी मेंदूला ऐकून समजायला वेळ लागतो आणि न सांगता लागलेला हात त्याला हल्ल्यासारखा वाटतो. बोटांच्या टोकांनी धरू नका, पूर्ण तळहात टेकवा. वळवताना उच्छ्वास. झाल्यावर लगेच हात काढू नका, दोन श्वास खांद्यावर राहू द्या. एकूण पंधरा-वीस सेकंद जास्त लागतात. कण्हणं आणि अंग आखडणं कमी झालं तर सराव उतरला.

उपेक्षा

या शब्दाचं मराठीत वाटोळं झालं. आपण उपेक्षा म्हणतो ते दुर्लक्षाला. मुळात ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणं, आणि बौद्ध परंपरेत उपेक्षा म्हणजे तोल न जाऊ देता पाहणं. तिचा जवळचा शत्रू बेपर्वाई, म्हणूनच बहुधा अर्थ तिकडे घसरला असावा.

आठव्या आठवड्यापासून बैठकीच्या शेवटची दोन मिनिटं तिला द्या: ‘माझ्या हातात होतं ते मी केलं. आजाराची चाल माझ्या हातात नाही.’ हे वाक्य पोकळ होऊ नये म्हणून महिन्यातून एकदा वहीत दोन रकाने करा. हातात: गोळ्यांची वेळ, दर दोन तासांनी कूस, पाठीवर लाली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, वेदना वाढल्या तर ‘उपशामक सेवा (वेदना आणि त्रास कमी करणारी, पॅलिएटिव्ह) कुठे मिळेल’ हे विचारणं. हातात नाही: आज ओळखतील की नाही, अजून किती महिने, त्यांनी आयुष्यभर जसं वागवलं ते. दुसऱ्या रकान्यातलं काही पहिल्यात सरकवून तुम्ही झिजत असाल तर लिहिताना ते दिसतं.

सराव पुरेसा नसतो तेव्हा

दोन आठवडे किंवा जास्त काळ जवळजवळ रोज, दिवसाचा बराच भाग मन उदास राहणं, कशातच रस न वाटणं, संधी मिळूनही झोप न येणं, भूक जाणं, हे नैराश्य असू शकतं आणि त्याला डॉक्टर लागतो. ‘आपण संपलो तर बरं’, ‘एकदाच जास्त गोळ्या देऊन टाकाव्यात’ असे विचार आले, किंवा रुग्णावर हात उचलला गेला, तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. टेली मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही बोलते. हात उचलला जाणार असं वाटलं तर खाटेचे कठडे वर करा, रुग्ण सुरक्षित आहे ते बघा आणि पाच मिनिटं खोलीबाहेर जा. त्या क्षणी बाहेर जाणं हीच शुश्रूषा.

ज्यांना पूर्वी भ्रम-भास झाले आहेत किंवा द्विध्रुवीय (बायपोलर) आजार आहे त्यांनी दहा दिवसांच्या मौन शिबिराला मनोविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय जाऊ नये. घरची दहा-पंधरा मिनिटं वेगळी, दिवसाचे दहा तास वेगळे.

दिवस चुकतील. रुग्णालयात दाखल केलं की आठवडा चुकेल. परत सुरू करताना आठव्या आठवड्यापासून करू नका, तीन दिवस नुसता श्वास आणि मग जिथे होतात तिथे.

आणि एक दिवस खोली रिकामी होते. पुढचे कित्येक आठवडे पहाटे तीनला जाग येत राहते, कूस बदलायला कोणी नसतं. त्या वेळी अंथरुणात लोळत राहू नका. उठून खुर्चीवर बसा, तळपाय टेकवा, चार अंकांत श्वास आत, सहात बाहेर. मैत्री भावना गेलेल्या माणसावर करू नये असं बुद्धघोष सांगतात. शोकाच्या पहिल्या दिवसांत हा सल्ला व्यवहारातही सोयीचा आहे, कारण त्यांचा चेहरा आणला की वाक्यं अर्ध्यावर तुटतात. ती वाक्यं काही काळ स्वतःला म्हणा, आणि त्या बाईंना, ज्या तुमच्याबरोबर रात्री जागल्या आणि आता दुसऱ्या कोणाच्या घरी जागतायत.